सहलीची चूल आणि गॅसची टाकी



दिवाळी सरली, थंडीचा शिरवा सुटला, कीं नाशिककर कुटुंबांना घराबाहेर पडण्याचे वेध लागतात. इंदिरानगरासारख्या वसाहतींतून शनिवारीं पहाटे निघालेल्या मोटारी कोणी घोटीवरून भंडारदऱ्याकडे नेतात, कोणी त्र्यंबकेश्वराच्या अंगानें हरिहर गडाच्या पायथ्याकडे वळवितात. जेथें डांबरी सडक संपून दगडधोंड्यांची वाट लागते, तेथेंच ह्या मंडळींचा खरा आनंद सुरू होतो. एखाद्या माळावर तंबू ठोकावा, मुलें भोंवतालीं बागडत असावीं आणि चुलीवर पिठलें रटरटत असावें, ह्या सुखाचा हेवा कोणासही वाटेल. त्या सुखाच्या सामानांत गॅसची एक टाकीही असते. ती कशी न्यावी, कशी ठेवावी व मुळांत कोणती न्यावी, ह्याविषयीं आज आपणांशीं चार शब्द बोलावे असा माझा हेतु आहे.

एके काळीं सहलीची चूल म्हणजे रॉकेलचा स्टोव्ह. १८९२ सालीं स्वीडनमध्यें निघालेला प्रायमस स्टोव्ह जगभर फिरला. तेनसिंग व हिलरी ह्यांनीं १९५३ सालीं एव्हरेस्टच्या अखेरच्या तळावर बर्फ वितळविलें तें अशाच स्टोव्हवर. आपल्याकडे १९५५ सालीं मुंबईंत घरगुती गॅस मिळूं लागला आणि पुढें तो घरोघर पोंचला. आज त्याच्याशीं आपला इतका परिचय झाला आहे कीं, सहलीला निघतांना स्वयंपाकघरांतील टाकीच उचलून मोटारींत ठेवण्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. माझ्या मतें सर्व धोक्याचें मूळ ह्या परिचयांतच आहे. घरच्या टाकीवर आपला विश्वास बसला आहे खरा; परंतु ती सुरक्षित राहते ती घराच्या बळावर. घरीं ती उभी असते, हलत नाहीं, तिला धक्के बसत नाहींत, ऊन लागत नाहीं, शेजारीं खिडकी असते आणि निजण्यापूर्वीं गृहिणी रेग्युलेटर बंद करते. मोटारींत ह्यांतील एकही गोष्ट आपोआप घडत नाहीं. ती प्रत्येक आपणांसच घडवून आणावी लागते.

प्रथम ह्या गॅसचा स्वभाव पाहूं. टाकींत प्रोपेन व ब्यूटेन ह्या दोन वायूंचें मिश्रण दाबाखालीं द्रवरूपानें असतें. ह्या द्रवाचा एक लिटर बाहेर सांडला तर त्याचा सुमारें अडीचशे लिटर वायु होतो. हा वायु हवेहून दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळें वर उडून जात नाहीं. पाण्यासारखा खालीं उतरतो आणि मोटारीच्या तळाशीं, खड्ड्यांत किंवा तंबूच्या कोपऱ्यांत सांचून राहतो. हवेंत त्याचें प्रमाण दोन ते नऊ टक्क्यांच्या दरम्यान असलें कीं एक ठिणगी पुरते. त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपणांस येणारा उग्र दर्प गळती ओळखतां यावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. यास्तव त्या दर्पाकडे दुर्लक्ष करणें म्हणजे दाराशीं आलेल्या चौकीदाराला हांकून देणेंच होय.

ही भीति पुस्तकी नव्हे. २६ ऑगस्ट २०२३ रोजीं पहाटे मदुराई येथें रेल्वेचा एक डबा पेटला. लखनौहून यात्रेस निघालेली मंडळी त्या डब्यांत होती. डबा उभा होता. धक्का नव्हता कीं टक्कर नव्हती. चोरून आणलेल्या गॅसच्या टाकीमुळें आग लागली, असें रेल्वेनें जाहीर केलें. नऊ माणसें प्राणांस मुकलीं. हीं माणसें कांहीं बेफिकीर साहसी नव्हतीं. यात्रेला निघालेलीं, सकाळच्या चहाची आठवण होणारीं, आपणांसारखींच होतीं. रेल्वेच्या प्रवासांत गॅसची टाकी नेण्यास कायद्यानें बंदी आहे ती ह्याचसाठीं. भरलेली टाकी दुचाकीवरून नेण्यासही गॅस सिलिंडरविषयक नियमांनीं मनाई केलेली आहे, हें स्कूटरच्या पुढ्यांत टाकी ठेवून जाणाऱ्यांनीं लक्षांत घ्यावें.

आतां प्रश्न असा कीं, सहलीला गॅस किती लागतो? घरची १४.२ किलोची टाकी एका चौकोनी कुटुंबास महिना-सव्वामहिना पुरते. म्हणजे दिवसाचा खर्च चारशे ग्रॅमच्या आसपास. सहलींतील स्वयंपाक घरच्याहून साधा असतो. तेव्हां दोन दिवसांस पाऊण किलोहून अधिक गॅस क्वचितच लागावा. तेवढ्यासाठीं लोखंडासकट तीस किलोंच्या घरांत जाणारें ओझें दगडांच्या वाटेनें हिंदकळत नेण्यांत काय शहाणपण आहे? घरची टाकी घरींच राहूं द्यावी. पांच किलोची लहान टाकी गॅसच्या विक्रेत्याकडे व कित्येक पेट्रोलपंपांवर ओळखपत्र दाखवून मिळते. ती अनेक सहलींना पुरून उरते. दोघेंतिघेंच असतील तर सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅमचा डबा व त्यावर बसणारी छोटी शेगडी एवढ्यानें काम भागतें.

मात्र बाजारांत बिनशिक्क्याच्या छोट्या टाक्या मिळतात आणि कांहीं दुकानदार घरगुती टाकींतून त्या भरून देतात. त्यांच्या वाटेस जाऊं नये. असें भरणें बेकायदेशीर तर आहेच, पण त्याचें खरें भय निराळें आहे. कायदेशीर टाकी कधींच काठोकाठ भरत नाहींत; द्रवाला उन्हानें फुगावयास म्हणून सुमारें सहावा-सातवा हिस्सा रिकामा ठेवतात. अंदाजानें भरणाऱ्याला हा हिशोब नसतो. काठोकाठ भरलेली टाकी उन्हांत तापली म्हणजे आंतील द्रवाला जागा उरत नाहीं आणि टाकी फुटण्याची वेळ येते. टाकी घेतांना तिच्या कड्याजवळील पट्टीवर इंग्रजी अक्षर व सालाचे आंकडे असतात तेही वाचावे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर व डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीपर्यंतच तिची तपासणी ग्राह्य असते. मुदत उलटलेली टाकी परत करावी.

टाकी मोटारींत ठेवतांना ती नेहमीं उभी ठेवावी. आडवी पडली तर झडपेपाशीं वायूऐवजीं द्रव येतो आणि गळती झाल्यास ती कितीतरी पटीनें मोठी होते. रेग्युलेटर काढून घ्यावा, झडपेवर दोरीचें झाकण घट्ट बसवावें आणि टाकी पट्ट्यानें गाडीच्या अंगास अशी बांधावी कीं खांचखळग्यांतही ती हलूं नये. जॅक, पाने, स्टोव्ह असलें जड सामान तिच्याजवळ नको. दोन कांचा थोड्या उघड्या असाव्या, गाडींत कोणी विडी-सिगारेट ओढूं नये. टाकी गाडींत ठेवून गाडी उन्हांत उभी करूं नये. बंद मोटार दुपारीं भट्टीसारखी तापते. मुक्कामाला पोंचल्यावर पहिलें काम टाकी बाहेर काढण्याचें. वाटेंत दर्प आलाच, तर गाडी थांबवून इंजिन बंद करावें, चारही दारें उघडावीं, सर्वांनीं वाऱ्याच्या दिशेनें वर दूर उभें राहावें आणि दर्प पूर्ण गेल्याखेरीज गाडी सुरू करूं नये.

मुक्कामावर चूल मांडावी ती मोकळ्यावर, सपाट जागीं, गवत खरडून काढून. आपल्या सह्याद्रींतील गवत हिवाळ्यांत वाळतें आणि एका ठिणगीनें सबंध डोंगरउतार पेटतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यासारख्या जागीं तर वनखात्याला विचारल्यावांचून विस्तव पेटवूंच नये. जोडणी झाल्यावर सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहावा. बुडबुडे आले तर गॅस बंद. काडी ओढून गळती शोधणें हा शुद्ध अविचार होय. वारा अडवावयाचा असेल तर छोट्या डब्याच्या शेगडीला चारही बाजूंनीं आडोसा करूं नये, आणि तिच्यावर डब्याला झांकून टाकणारें रुंद पातेलेंही चढवूं नये. उष्णता परतून डबाच तापतो. थंडींत पहाटे ज्योत मंदावते, कारण ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होण्याचेंच सोडून देतो. अशा वेळीं कोणी टाकीखालीं निखारे सरकवितात. तें चुकूनही करूं नये. डबा थोडा वेळ अंगरख्यांत धरला तरी पुरे.

आणि सर्वांत महत्त्वाचें: तंबूंत शेगडी कधींही पेटवूं नये, ऊब घेण्यासाठींही नाहीं. बंद जागेंत ज्वलन अपुरें झालें कीं कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला तो उठण्याची संधि देत नाहीं.

घरीं परतल्यावर उरलेल्या टाकीचें काय? तळघरांतील पार्किंग, जिन्याखालचा कोनाडा, बंद कपाट ह्या जागा तिच्या नव्हेत; तेथें सांचलेला वायु निघून जावयास वाट नसते. हवा खेळती असलेल्या, उन्हापासून आडोशाच्या जागीं, जमिनीच्या पातळीवर किंवा वर, ती उभी ठेवावी. रिकामी वाटणाऱ्या टाकींतही गॅस उरलेला असतो, म्हणून तिलाही झाकण हवेंच. घरांत गळतीचा संशय आला तर विजेचें एकही बटण दाबूं नये, ना चालू करण्यास, ना बंद करण्यास. दारें-खिडक्या उघडून बाहेर पडावें आणि १९०६ ह्या क्रमांकावर कळवावें; तो ह्याच कामासाठीं आहे.

कोणी म्हणेल, इतकी पथ्यें पाळावयाचीं तर सहलीची गंमत ती काय राहिली? परंतु हीं सारीं कामें मिळून अर्धा तास पुरा होत नाहीं, आणि तीं वडील माणसांनीं रोज केलीं म्हणजे मुलांच्याही अंगवळणीं पडतात. लहान टाकी, तीही उभी, बांधलेली, झाकलेली व मोकळ्या हवेंतली, एवढें जरी आपण लक्षांत ठेविलें तरी माझ्या बोलण्याचें सार्थक झालें. आपल्या पुढील सहलींतील पिठलें निश्चिंत मनानें रटरटो, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.