जन्मगावाचा प्रवासी



माणूस परदेशी निघतो तेव्हा त्याच्याजवळ पारपत्र असते, व्हिसा असतो, उतरण्याच्या ठिकाणाचा पत्ता असतो. तो नवे काही पाहावयास निघालेला असतो. म्हणून परकेपणाचा हा सारा सरंजाम त्याला खुपत नाही. परंतु ज्या गावात तो चालावयास शिकला, ज्या शाळेत त्याने पाटीवर पहिले अक्षर गिरविले, ज्या गल्लीची वळणे त्याला आजही डोळे मिटून सांगता येतात, त्याच गावी जाण्यासाठी त्याला परदेशी पाहुण्याच्या रांगेत उभे राहावे लागले, तर त्या प्रवासाला काय म्हणावे? १९४७ नंतर भारतीय उपखंडातील लक्षावधी माणसांच्या वाट्याला हा प्रश्न आला. दोन्ही देशांच्या सरकारांनी त्याचे उत्तर अद्याप दिलेले नाही. आणि ज्यांना ते द्यावयाचे, ती पिढी आता झपाट्याने संपत चालली आहे.

फाळणीने सव्वा कोटीहून अधिक माणसांना घर सोडावयास लावले. यांतील पुष्कळजण कायमचे जात आहोत अशा भावनेने निघाले नव्हते. दंगल शमेल, पावसाळा सरेल आणि परत येता येईल, असे त्यांना वाटत होते. घराला कुलूप घालून किल्ली शेजाऱ्याच्या हाती देणाऱ्या माणसाच्या मनात देश सोडण्याची कल्पना नसते. दार बंद झाले ते १५ ऑगस्टला नव्हे; ते पुढील पाच वर्षांत, एकेका सरकारी हुकुमाने बंद झाले. जुलै १९४८ मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परवाना सक्तीचा केला. त्याच वर्षी पाकिस्ताननेही तेच केले. ऑक्टोबर १९५२ मध्ये दोन देशांच्या दरम्यान पारपत्र आणि व्हिसा यांची पद्धत आली. तलवारीने जे अर्धवट राहिले होते ते कारकुनाच्या शिक्क्याने पुरे केले. काल ज्याला घरी परतणारा म्हणत, तो आज विदेशी नागरिक ठरला.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मालमत्तेचा प्रश्न निराळा आणि पाहून येण्याचा प्रश्न निराळा. मागे राहिलेली घरे व शेते दोन्ही सरकारांनी ‘निर्वासितांची मालमत्ता’ म्हणून ताब्यात घेतली आणि पलीकडून आलेल्यांना वाटून दिली. भारतात १९५० चा मालमत्तेचा कायदा झाला, १९५४ चा नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्या वाटपात अन्याय किती आणि वशिलेबाजी किती, हा इतिहासाचा विषय आहे; परंतु हिशेब कायद्याने मिटविला गेला. ज्याचा हिशेब कोणत्याच कायद्याने केला नाही ती वस्तू म्हणजे पाहण्याची ओढ. म्हातारा माणूस पलीकडे जाऊ इच्छितो तो सातबारा मागण्यासाठी नव्हे. अंगणातील कडुनिंब अजून उभा आहे काय, एवढेच त्याला पाहावयाचे असते. मालकी सोडून दिलेल्या माणसाचे हे मागणे आहे, आणि तेच त्याला नाकारले जाते.

असा माणूस जेव्हा खरोखर पोचतो, तेव्हा त्याला काय आढळते? गावाचे नावही बदललेले असते. लायलपूरचे १९७७ मध्ये फैसलाबाद झाले. दारावर नवे नाव असते. आत राहणारे कुटुंब बहुधा जालंदर, अमृतसर किंवा दिल्ली सोडून आलेले असते. प्रवासी त्यांच्याकडे आपल्या बालपणाचे घर पाहावयास येतो आणि ते त्याच्याकडे आपल्या सुटलेल्या गावाची खबर विचारतात. दोघेही एकाच आपत्तीचे बळी असतात. एकाच्या डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या घराचे असते, एवढाच फरक. बलराज साहनी हे मूळचे रावळपिंडीचे. १९६२ मध्ये ते पाकिस्तानात जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी ‘मेरा पाकिस्तानी सफरनामा’ हे पुस्तक लिहिले. त्याही आधी, जानेवारी १९५५ च्या अखेरीस लाहोरला भारत व पाकिस्तान यांचा कसोटी सामना झाला, तेव्हा पाकिस्तानने भारतीय प्रेक्षकांसाठी सरहद्द खुली केली. हजारो हिंदू आणि शीख अमृतसरहून लाहोरला गेले. फाळणीला आठ वर्षेही झाली नव्हती, जखमा ओल्या होत्या. तरी लाहोरने या पाहुण्यांचे मनापासून स्वागत केले. सामान्य माणसांना सूडच हवा असतो, हा राज्यकर्त्यांचा आवडता सिद्धान्त त्या चार दिवसांत खोटा ठरला.

महाराष्ट्राला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. सिंध हा प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. कराचीतील जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे. नोकरीधंद्यासाठी गेलेल्या मराठी कुटुंबांच्या एका पिढीचे बालपण कराचीत गेले. फाळणीनंतर सिंधमधून हिंदूंचा लोंढा मुंबईकडे आला आणि कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांना ठेवण्यात आले. त्या छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. पंजाब आणि बंगाल यांचे दोन तुकडे झाले, त्यामुळे तेथील निर्वासितांना आपल्या भाषेचा अर्धा मुलूख तरी उरला. सिंधी माणसाला तोही उरला नाही, कारण सिंध सबंधच पलीकडे गेला. त्याच्या भाषेला भारताच्या घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळावयास १९६७ साल उजाडावे लागले. ज्याची भाषा या देशाची आहे पण ज्याचे गाव या देशात नाही, असा नागरिक उल्हासनगरच्या गल्लीगल्लीत वृद्ध झाला. त्याला कराचीला जावयाचे झाले तर प्रथम दिल्ली गाठावी लागे. कराचीतील भारताची वकिलात १९९४ मध्ये बंद झाली, आणि मुंबईतही पाकिस्तानची वकिलात राहिली नाही. दोन समुद्रकाठच्या शहरांमधील वाट दिल्ली आणि इस्लामाबाद येथील टेबलांवरून जाऊ लागली.

आता या वाटेचे नियम पाहावेत. कारण समाजवादी कार्यकर्त्याला खरे राजकारण नियमांच्या बारीक अक्षरांतच सापडते. दोन्ही देशांचा व्हिसा हा देशाचा व्हिसा नसतो. तो नेमून दिलेल्या गावांचा असतो. १९७४ च्या करारापासून हीच चौकट चालत आली. गावात पोचताच पोलीस ठाण्यावर हजेरी द्यावयाची, निघतानाही कळवावयाचे. भेटीचा व्हिसा मागताना तेथील नातेवाइकाचा किंवा मित्राचा आधार दाखवावा लागतो. परंतु ज्याचे सारे गणगोत १९४७ मध्येच उठून आले, त्याचे तेथे कोण उरले? नातलग असलेल्याला वाट थोडी तरी आहे. यात्रेकरूला १९७४ च्या धर्मस्थळांविषयीच्या कराराने वाट आहे. व्यापाऱ्याला वाट आहे. केवळ जन्मभूमी पाहू इच्छिणाऱ्यासाठी मात्र या नियमावलीत रकानाच नाही. जन्म ही गोष्ट सरकारच्या लेखी प्रवासाचे कारण ठरत नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये नवा करार झाला. त्यात गावांची संख्या तीनवरून पाच झाली, आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींना अटारी-वाघा येथे पोचल्यावर ४५ दिवसांचा व्हिसा देण्याचे मान्य झाले. म्हाताऱ्यांना मिळालेली ही मोलाची सवलत. परंतु त्याच करारात आणखी एक कलम आहे. ज्या व्यापाऱ्याचे वार्षिक उत्पन्न पाकिस्तानी ५० लाख रुपये किंवा उलाढाल ३ कोटी आहे, त्याला दहा गावांचा, अनेक फेऱ्यांचा व्हिसा आणि पोलीस हजेरीतून सूट! म्हणजे संशयातून मुक्त होण्याचा दर ठरविण्यात आला. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याच्यावर राज्यसंस्था विश्वास ठेवते. ज्याच्याजवळ केवळ आठवण आहे त्याने ठाण्यावर जाऊन अंगठा द्यावा.

म्हाताऱ्यांच्या सवलतीचे पुढे काय झाले? भारताच्या बाजूने ती १५ जानेवारी २०१३ रोजी सुरू व्हावयाची होती. त्याच सुमारास काश्मीरमधील नियंत्रणरेषेवर भारतीय जवानांची निर्घृण हत्या झाली, आणि ज्या दिवशी दार उघडावयाचे त्याच दिवशी ते बंद ठेवल्याचे जाहीर झाले. त्या हत्येचा संताप योग्यच होता. परंतु त्या संतापाची किंमत सरहद्दीवर पोचलेल्या सत्तरीच्या माणसाने द्यावी, यात कोणता न्याय होता?

याच्या उलट बाजू पाहावी. दिल्लीत जन्मलेले परवेझ मुशर्रफ २००१ मध्ये अध्यक्ष म्हणून आले, तेव्हा दर्यागंजमधील त्यांच्या कुटुंबाच्या हवेलीचे दार त्यांच्यासाठी उघडले गेले. कराचीत जन्मलेले लालकृष्ण अडवाणी २००५ मध्ये तेथे गेले, तेव्हा त्यांचेही स्वागत झाले. कोणी गेले यात वावगे काहीच नाही. सत्तेच्या शिखरावरील माणसालाही बालपणाची ओढ असते, हे पाहून बरेच वाटावे. प्रश्न असा की, जी ओढ राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत सौहार्दाचे प्रतीक ठरते, तीच हातगाडीवाल्याच्या बाबतीत संशयाचा विषय का ठरते? आणि सरकारांचे आपापसांतील वैर असे की, पद असूनही काहींना जाता आले नाही. मनमोहनसिंग यांचा जन्म पलीकडील गाह या खेड्यातला. दहा वर्षे ते पंतप्रधान होते; त्या काळात त्यांना गाह गाठता आले नाही. सियालकोटचे कुलदीप नय्यर सरहद्दीवर मेणबत्त्या लावून शांततेची हाक देत राहिले. २०१८ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांच्या अस्थींचे विसर्जन लाहोरला रावीत झाले. परतण्यासाठी माणसाला अस्थी व्हावे लागावे, ही दोन राष्ट्रांना शोभणारी गोष्ट नव्हे.

गरिबाचे खरे वाहन आगगाडी. समझोता एक्सप्रेस १९७६ मध्ये सुरू झाली. १९६५ च्या युद्धात बंद पडलेला मुनाबाव-खोखरापार मार्ग थार एक्सप्रेसच्या रूपाने २००६ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, खुला झाला. राजस्थान आणि सिंध यांमधील विभागलेल्या कुटुंबांना तो जीवनदायी होता. ऑगस्ट २०१९ मध्ये दोन्ही गाड्या बंद झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कर्तारपूरची विनाव्हिसा वाट उघडली, आणि गुरुद्वाराच्या आवारात अनेक दशकांची ताटातूट झालेली भावंडे एकमेकांच्या गळ्यात पडली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे २६ निरपराध माणसांची हत्या झाली. त्यानंतर अटारीचे नाके बंद झाले, व्हिसे रद्द झाले, आणि मे महिन्यात कर्तारपूरचीही वाट भारताने बंद केली.

सुरक्षिततेचा आक्षेप येथे येईल, आणि तो टाळता कामा नये. दहशतवाद हे वास्तव आहे. पाकिस्तानच्या सत्ताधाऱ्यांनी त्याला दिलेले आश्रयही वास्तव आहे. २००७ मध्ये पानिपतजवळ समझोता एक्सप्रेसमध्येच स्फोट होऊन ६८ माणसे मेली, आणि त्यांत बहुसंख्य पाकिस्तानी होती, हेही वास्तव आहे. परंतु २००८ मध्ये मुंबईवर चालून आलेले मारेकरी व्हिसाच्या रांगेत उभे राहिले नव्हते; ते समुद्रावरून आले. रांगेत उभी राहते ती काठी टेकणारी म्हातारी. तिची ओळख पटविणे, तिची नोंद ठेवणे हे कोणत्याही सक्षम सरकारला अवघड नाही. ज्याला शत्रू सापडत नाही तो पाहुण्याला अडवितो, आणि त्यालाच कणखरपणा म्हणतो.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने प्रत्येकाला ‘आपल्या देशात’ परतण्याचा हक्क दिला. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बाराव्या कलमात हेच तत्त्व आहे. भारत १९७९ मध्ये आणि पाकिस्तान २०१० मध्ये त्या कराराशी बांधला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने १९९९ मध्ये खुलासा केला की, ‘आपला देश’ ही कल्पना ‘नागरिकत्वाचा देश’ या कल्पनेहून व्यापक आहे. फाळणीच्या निर्वासिताला यातून आपोआप प्रवेश मिळतो, असे कोणी म्हणणार नाही. परंतु माणसाचे भूमीशी असलेले नाते पारपत्राच्या रंगाने संपत नाही, हे तत्त्व जगाने मान्य केले आहे. भारताचा नागरिकत्वाचा कायदा मात्र उलट दिशेने जातो. पाकिस्तानचा किंवा बांगलादेशाचा नागरिक राहिलेल्याला, इतकेच नव्हे तर ज्याचे आईवडील, आजी-आजोबा वा पणजोबा तसे नागरिक होते त्यालाही, परदेशस्थ भारतीयाचे ओसीआय कार्ड मिळू शकत नाही. मग तो जन्माने लखनौचा असो किंवा रत्नागिरीचा असो.

डॉ. राममनोहर लोहिया भारत आणि पाकिस्तान यांच्या महासंघाचा विचार मांडीत. तो विचार आज दूरचा वाटतो. परंतु महासंघाची गोष्ट बाजूला ठेवली, तरी माणुसकीची किमान मागणी उरतेच. ऑगस्ट १९४७ पूर्वी जे आजच्या सरहद्दीपलीकडे जन्मले, त्यांना जन्मस्थळ पाहण्याचा व्हिसा हक्काने मिळावा. त्यासाठी यजमानाची, उत्पन्नाच्या दाखल्याची आणि पोलीस हजेरीची अट नसावी. सोबत एका मुलाला किंवा नातीला नेता यावे. आगगाडी पुन्हा सुरू व्हावी आणि मुंबई व कराची येथील वकिलाती उघडाव्यात. या हक्काला संबंधांच्या चढउताराशी बांधू नये. युद्ध नसेल तेव्हा तो अबाधित असावा. ही माणसे आता ऐंशीच्या आणि नव्वदीच्या घरात आहेत. त्यांची संख्या दरवर्षी घटत आहे, म्हणून ही सवलत कोणत्याही देशाला जड जाणारी नाही. आणि तिला उशीर करणे हाच तिला नकार देण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

सरकार ऐकेपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. उल्हासनगरात, पिंपरीत, कोल्हापुरात, नागपुरात जेथे जेथे अशी वृद्ध माणसे आहेत, तेथे तेथे जाऊन त्यांचे गाव, त्यांची गल्ली, त्यांची शाळा त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावी. मागणीच्या अर्जावर त्यांच्या सह्या घ्याव्यात आणि तो अर्ज खासदारांच्या दारी न्यावा. ही माणसे भूतकाळ परत मागत नाहीत. ज्या मातीत ती वाढली, तेथे एकदा प्रवासी म्हणून का होईना उभे राहू द्यावे, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. ते मान्य करण्याइतके मोठे मन दोन प्रजासत्ताकांजवळ नसेल, तर त्यांच्या सरहद्दी कितीही बळकट असोत, त्यांचे स्वातंत्र्य अपुरेच राहील.