ओतकामातून धातूंचा सांधा
(लातूर व नांदेड जिल्ह्यांतील औद्योगिक प्रशिक्षणार्थींपुढील भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर. धातुशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु विहिरीवरील पंप ऐन वेळी बंद पडला म्हणजे उभे पीक कसे संकटात सापडते, हे आपण सारेच जाणतो. त्या पंपाच्या मोटारीत दोन धातूंचा एक सांधा असतो. त्याविषयी आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. त्या बीदरच्या बिदरी कारागिरांचे काम पाहा. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळते, चांदी ९६१ अंशांना. वितळलेली चांदी ओतली तर जस्ताचे भांडेच विरघळेल. म्हणून थोडे तांबे मिसळून जस्ताचे भांडे आधी ओततात आणि चांदीची तार कोरलेल्या खाचांत थंडच ठोकून बसवितात.

मोटारीच्या रोटरमध्ये क्रम उलटा असतो. पोलादाच्या पातळ चकत्या एकावर एक रचून त्यांच्या खाचांत वितळलेले ॲल्युमिनियम दाबाने भरतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तर लोखंड १५३८ अंशांना. त्यामुळे पोलादाला धक्का लागत नाही. निवताना ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट आकसते आणि दोन्ही टोकांच्या कड्या चकत्यांना आवळून धरतात. सांधा टिकतो तो या पकडीमुळे.

मात्र ओतताना हवा अडकून आत पोकळी राहिली, तर ती वरून दिसत नाही. तेथे विजेची वाट अरुंद होते. दांडी तापते आणि कालांतराने तुटते. मग मोटार गुणगुणते, पण भार ओढत नाही. बिचारा शेतकरी ती पुन्हा भरून घेतो. पैसा जातो, पाण्याची पाळी चुकते आणि दोष रोटरमध्ये तसाच राहतो.

तेव्हा मित्रहो, उद्या अशी मोटार आपल्यापुढे आली, तर नवी तार भरण्यापूर्वी रोटर ग्राउलरवर अवश्य तपासा. आपल्या त्या दहा मिनिटांच्या दक्षतेवर एखाद्या कुटुंबाचा हंगाम अवलंबून असेल.