चिन्हाला नावाने हाक

शेताच्या बांधावर हद्दीचा दगड असतो. तसलाच दगड शेताच्या मधोमध पुरला, तर मोजणीदार काय समजेल? इथे हद्द आली, असेच ना! संगणकावरच्या पानांचेही तसेच आहे.

ही पाने एचटीएमएल नावाच्या खुणांच्या भाषेत लिहितात. मथळा कोणता, परिच्छेद कुठे, हे सांगणारी प्रत्येक खूण 'पेक्षा लहान'च्या चिन्हाने, म्हणजे < ने, सुरू होते. आता गणिताच्या गुरुजींनी 'ए' हे इंग्रजी अक्षर, लगेच <, लगेच 'बी' असे जागा न सोडता लिहिले. यंत्राला वाटते, ही ठळक अक्षरांची खूण! मग पुढचे > येईपर्यंतचा मजकूर ते गिळून टाकते. विद्यार्थ्याच्या हाती अर्धवट अटीचे गणित पडते. गुण कुणाचे जातात? त्या बिचाऱ्याचेच.

उपाय सोपा आहे. चिन्ह लिहू नये, त्याचे नाव लिहावे. आधी &, मग 'एल' आणि 'टी' ही छोटी इंग्रजी अक्षरे, शेवटी अर्धविराम. पान उघडले की तिथे < उमटते. & ही हाक मारण्याची खूण; म्हणून खुद्द & हवे असले तर त्यालाही 'एएमपी' या नावाने बोलवायचे. लिहिलेल्या मजकुरात बदल करताना & चा बदल सर्वांत आधी करावा, बरं का! नाहीतर नव्या नावांतले & पुन्हा बदलते आणि वाचणाऱ्याला चिन्हाऐवजी नावच दिसते.

१९९८ साली प्रमाण ठरलेल्या एक्सएमएल भाषेत अशी ५ नावे मुळातच आहेत: <, >, & आणि दोन अवतरणचिन्हे यांची. एचटीएमएलमध्ये ती दोन हजारांवर आहेत. ग्रीक अल्फालाही त्यांत नाव आहे. आपल्या 'ळ'ला नाही! पण त्याला घरक्रमांक आहे. युनिकोडच्या यादीत तो २३५५. &, मग #, मग हा क्रमांक आणि अर्धविराम लिहिला की 'ळ' हजर! आकडे मात्र इंग्रजीच हवेत. पान यूटीएफ-८ पद्धतीने जतन केले असेल, तर एवढीही खटपट नको. 'ळ' सरळ लिहावा.

तेव्हा गुरुजी, प्रश्नपत्रिका धाडण्यापूर्वी ती एकदा मुलाच्या डोळ्यांनी उघडून पाहा. अट शाबूत असली, म्हणजे झाले.