बी नसलेल्या पिकाची ठेव

(हीरक महोत्सवी वर्षातील विज्ञानदिनाच्या भाषणाचे शब्दांकन)



ज्वारीचे बी उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवले की पुढील पेरणीपर्यंत टिकते. आधुनिक बीजपेढ्या तेच बी उणे १८ अंश सेल्सिअसला अनेक दशके जपतात. परंतु खाण्याच्या केळीला रुजणारे बी नसते. तिची लागवड मुनव्यांपासून होते. म्हणून एका वाणाची सारी झाडे परस्परांची प्रतिरूपे असतात. एकाला जडणारा रोग साऱ्यांना गाठू शकतो. विसाव्या शतकाच्या मध्यास बाजारपेठेतील प्रमुख ‘ग्रो मिशेल’ वाण पनामा रोगाने असेच मागे पडले. त्याची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली. खानदेशची बसराईही त्याच गटातील. त्या गटावर आज याच रोगाच्या नव्या प्रकाराचे सावट आहे.

उद्याची रोगप्रतिकारशक्ती कदाचित एखाद्या दुर्लक्षित वाणात दडलेली असेल. ते वाण शेतात राखावे, तर रोग आणि वादळाचे भय. परीक्षानळीत राखावे, तर रोपे पुनःपुन्हा नव्या पोषकद्रव्यात हलवावी लागतात. म्हणून शास्त्रज्ञ रोपाच्या शेंड्यातील जेमतेम मिलिमीटरभर विभाजी ऊती अलगद काढतात. पेशींतील पाण्याचा बर्फ झाला, तर त्याचे स्फटिक पेशींना इजा करतात. तसे होऊ नये म्हणून ती ऊती प्रथम दाट संरक्षक द्रावणात ठेवून तिच्यातील पाणी कमी करतात. मग अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवरील थेंबासह ती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवतात. उरलेले पाणी बर्फ न होता काचेसारखे घट्ट होते. जीवनक्रिया थांबते, जीव राहतो.

बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठात १९८५ पासून केळीचा जागतिक संग्रह जोपासला जात आहे. तेथे दीड हजारांहून अधिक नमुने असून अनेक वाणे अशी गोठवून ठेवलेली आहेत. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोतही अशी शीतपेढी आहे.

मात्र गोठवलेली प्रत्येक ऊती पुन्हा वाढतेच असे नाही. म्हणून काही नमुने उबदार द्रावणात पूर्वस्थितीत आणून त्यांपासून रोप होते की नाही, हे तपासावे लागते. केवळ साठवणे म्हणजे जपणे नव्हे. ठेव खरी ठरते ती पुन्हा रुजल्यावर. महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे मराठी रुजवणाऱ्या शाळेच्या परिवाराला हे वेगळे सांगावयास नको.