माएबूर पाहताना



शाळेची सहल घेऊन मी पुष्कळदा माएबूरला गेले आहे. आधी आम्ही संग्रहालयाचे जुने घर पाहतो. 1810 च्या ऑगस्टमध्ये ग्रां पोरच्या खाडीत फ्रेंच आणि इंग्रज आरमारांची लढाई झाली. दोन्हीकडचे जखमी सेनानी, द्युपेरे आणि विलोबी, यांच्यावर याच घरात उपचार झाले. मग किनाऱ्यावर जाऊन दोन्ही बाजूंच्या मृतांचे स्मारक पाहतो. लढाई फ्रेंचांनी जिंकली. पॅरिसच्या विजयकमानीवर तिचे नाव कोरलेले आहे, हे मी मुलांना सांगते.

तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, माझ्या आज्याचे नाव कुठे कोरले आहे?"

तिला मी पुढची गोष्ट सांगितली. त्याच वर्षी डिसेंबरात हे बेट इंग्रजांनी घेतले. त्यांच्याच राज्यात, 1834 पासून, उसाच्या मळ्यांसाठी करारावर माणसे आणली जाऊ लागली. मुंबई बंदरातून आपलीही आली. त्यांची नावे दगडावर नाहीत, पण कागदावर आहेत. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या नोंदवह्या जपल्या आहेत. त्यांत नाव, बापाचे नाव, गाव, जहाज अशी माहिती मिळते.

म्हणून माझी विनंती आहे. माएबूरला मुलांना जरूर न्या, समुद्र दाखवा, सोमवारचा बाजार दाखवा. आणि एक दिवस घरातले जन्म-लग्नाचे जुने कागद घेऊन मोक्यालाही जा. आज्याचे नाव मुलांना स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घेऊ द्या.