न मागता आलेली फाइल

वटारला आमच्या घरी एकच संगणक, त्यावर घरातले सगळेच बसतात. परवा वाडीत पाणी सोडून मी आत आलो, तर पुतण्या गाणे उतरवून घेत होता. गाणे आलेच नाही. 'तुमचा प्लेअर जुना झाला' अशी पाटी आली आणि एक भलतीच फाइल येऊन पडली. "काका, उघडू का?" त्याने विचारले म्हणून वाचलो.

श्रोतेहो, फाइल नुसती आली म्हणजे सगळे संपले असे नाही. धोका बहुधा ती उघडल्यावर. मे 2000 मध्ये 'आय लव्ह यू' विषाणू ईमेलमधून जगभर पसरला. फाइलच्या नावाशेवटी 'टीएक्सटी' दिसे, म्हणजे साधा मजकूर. त्यापुढचे खरे शेपूट 'व्हीबीएस', म्हणजे संगणकाला हुकूम देणारा प्रोग्राम. विंडोज ओळखीचे शेपूट लपवते, म्हणून लोकांनी प्रेमपत्र समजून तो उघडला. आजही ते लपलेलेच असते. सेटिंगमध्ये जाऊन दिसते करून घ्या.

आम्ही फाइल न उघडता पुसली, रिसायकल बिन रिकामी केली, अँटिव्हायरसकडून पूर्ण तपासणी करून घेतली. मग माझ्या छातीत धस्स झाले ते वेगळ्याच कारणाने. आई आता नाही. तिचे सगळे फोटो त्याच संगणकावर, आणि दुसरी प्रत ज्या पेनड्राइव्हवर तो कायम संगणकालाच खोचलेला! 2017 च्या 'वॉनाक्राय'सारखा खंडणीखोर प्रोग्राम जोडलेल्या ड्राइव्हमधल्या फाइलींनाही कुलूप घालतो.

पेनड्राइव्ह आता कपाटात, रेशनकार्डाशेजारी असतो. पुतण्याला गाणे मात्र अजून मिळालेले नाही.