पोटाचें अस्तर आणि ऊन औषध

रायगडाच्या पायथ्याचें पाचाड गांव जिजाबाईंच्या समाधीमुळें श्रोत्यांना ठाऊक असेल. तेथील एखाद्या गृहिणीचें पोट फुगूं लागलें तर घरांत प्रथम वायूचें नांव निघतें. मग ओवा-हिंग, मग महाडचा दवाखाना. (गिरगांवांतहि याहून निराळें घडत नाहीं!) पुढें पोटांत पाणी सांपडतें आणि मुंबईस, परळच्या टाटा हॉस्पिटलांत जावें लागतें. १९४१ सालीं उघडलेल्या या रुग्णालयांत प्रस्तुत उपचार आज केला जातो. पण तोंवर बीजांडकोशाचा वा आंतड्याचा कर्करोग पोटाच्या आंतल्या पातळ अस्तरावर पुष्कळदां पसरलेला असतो.

शिरेंतून दिलेलें औषध या अस्तरावरील रोगापर्यंत पुरेसें पोंचत नाहीं. म्हणून शल्यवैद्य पोट उघडून डोळ्यांना दिसेल तेवढा सर्व रोग काढतात. त्यांत अस्तराचे पापुद्रे जातात, कधीं प्लीहा व आंतड्याचा तुकडाहि जातो. हें काम कित्येक तास चालतें. मग रोगी भुलींतच असतां, सुमारें ४१ ते ४३ अंशांवर तापविलेलें औषध नळ्यांवाटे पंपानें पोटांत तास-दीड तास खेळवितात व काढून घेतात. उष्णतेनें औषधाचा मारा वाढतो खरा, तरी तें अवघे कांहीं मिलिमीटर आंत शिरतें. मोठी गांठ मागें राहिली तर हें स्नान व्यर्थच.

लोकांच्या ध्यानांत मात्र ऊन औषधच राहतें. १९८० सालीं अमेरिकेंत स्प्रॅट यांनीं हा प्रयोग प्रसिद्ध केला. शुगरबेकर यांनीं त्याचा पुढें प्रसार केला. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या हॉलंडमधील चांचणींत बीजांडकोशाचा, तिसऱ्या पायरीचा कर्करोग असलेल्या २४५ स्त्रिया होत्या. नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटांतील निम्म्या स्त्रिया ३३.९ महिन्यांपलीकडे जगल्या. ऊन औषध मिळालेल्यांपैकीं निम्म्या ४५.७ महिन्यांपलीकडे. पण मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाच्या २६५ रोग्यांवरील, २०२१ सालच्या फ्रेंच चांचणींत दोन्ही गटांचा हा आंकडा ४१ महिन्यांच्या आसपासच राहिला. उलट उशिरां उद्भवणारे गंभीर उपद्रव ऊन औषधाच्या गटांत अधिक दिसले. दोन्ही गटांचा आयुष्यकाल एवढा लांबला तो बहुतांशीं शस्त्राच्या कसबानें व शिरेंतील औषधानें, असेंच म्हणावें लागतें.

तेव्हां पाचाडहून आलेल्या नातलगांनीं यंत्राची चौकशी मागाहून करावी. सगळा रोग निघेल काय, आणि रोग्यास एवढी शस्त्रक्रिया झेपेल काय, हें आधीं विचारावें. पुष्कळदां शल्यवैद्य लहानशा छिद्रांतून दुर्बीण घालून आंत पाहतात. लहान आंतडें रोगानें सर्वत्र व्यापलेलें दिसलें तर ते पोट उघडीत नाहींत. अशा वेळीं शिरेंतील औषधाचाच क्रम ठरतो.